गाळणीचं झाकण

आमच्या धरणाच्या तळाशी वाफेवर चालणारी एक जुनी लाँच पडलेली आहे, हे पुण्याच्या हौशी पाणबुड्यांना कळलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की मला फोन करणाऱ्याचा आवाजच चिरकत होता. "इंग्रजांच्या काळातली आहे हो! आणि गोड्या पाण्यात. म्हणजे समुद्रातल्यासारखी गंजून गेलेली नसणार!" मी हो-हो म्हणत राहिलो. ती कुठं आहे, किती खोल आहे, हे मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिच्यात माझी बहीण गेली, हे मी त्याला सांगितलं नाही.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मुंबईच्या एका कंपनीत पाणबुड्या म्हणून कामाला होतो. धरणांचे दरवाजे तपासायचे, विहिरींच्या जाळ्या साफ करायच्या, बंदरात जहाजांची बुडं खरवडायची. आंबेगावच्या डोंगरातल्या माणसाला हे काम कसं सुचलं, असं लोक विचारतात. मी सांगतो, नोकरी मिळाली म्हणून. खरं कारण एवढंच होतं, की मला त्या लाँचपर्यंत जायचं होतं. धंदा शिकलो, टाकी पाठीवर बांधून देशभरच्या घाण पाण्यात उतरलो, आणि आठ वर्षं आपल्या धरणाकडं फिरकलो नाही. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

लाँचची हकिगत आधी सांगायला हवी. ती कुणा साहेबानं दुसऱ्या एका तलावावर फिरायला म्हणून बांधून घेतली होती. साहेब गेले आणि ती एका शेडमध्ये चिमणीसकट पडून राहिली. आमच्या धरणाचं पाणी चढायला लागलं, जुन्या वाटा बुडाल्या, तेव्हा पलीकडच्या वाड्यांतली माणसं ने-आण करायचा ठेका ज्याला मिळाला त्यानं ती भंगारातून उचलली आणि ट्रकवर घालून आणली. वाफेचीच का, तर बुडणाऱ्या जंगलातली झाडं तोडून काठावर ढीग लावलेले होते. जळण फुकट होतं, डिझेल मंचरहून आणावं लागलं असतं. म्हणून नव्वदच्या दशकात, गावोगावी टीव्ही आलेला असताना, आमच्याकडं एक वाफेची बोट धूर सोडत फिरत होती. तळेघरकडची माणसं ती बघायला मुद्दाम चालत यायची.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्याआधी साखर कारखान्यात बॉयलरवर हंगामी फायरमन होते. बॉयलर कळणारा आसपास दुसरा कोणी नव्हता, म्हणून ठेकेदारानं त्यांना बोलावलं. आमचं घर बौद्धवाड्यातलं. ज्यांच्या ओट्यावर आबा जन्मात कधी बसले नव्हते ती माणसं आता "डायवरसायेब, जरा थांबा की राव" म्हणत उतारावरून पळत यायची. आबांना ते फार आवडायचं. दाखवायचे नाहीत, पण शिट्टी गरजेपेक्षा जास्त वाजवायचे. आई म्हणायची, "आवं, समदी वाफ शिट्टीतच घालवता, मंग लाँच कशानं चालायची?" आबा हसायचे आणि आणखी एकदा वाजवायचे. तेव्हा ती दोघं एकमेकांशी बोलत होती.

बॉयलरला पाणी धरणातलंच लागायचं. लाँचच्या मागच्या भागात, तळाशी, एक पितळी डबा होता आणि त्यात जाळी. बाहेरचं पाणी या गाळणीतून बॉयलरकडं जायचं. नव्या धरणाच्या पाण्यात पालापाचोळा फार, त्यामुळं जाळी सारखी तुंबायची. मग आबा कॉक बंद करून डब्याचं झाकण काढायचे, जाळी धुवायचे, झाकण परत बसवून त्यावरचे दोन नट हातानं घट्ट आवळायचे आणि मगच कॉक उघडायचे. झाकण लावायचं राहिलं, तर धरणाचं पाणी थेट बोटीत येणार. या गोष्टीतलं यंत्रज्ञान एवढंच आहे.

आमची वाडी उठायचा दिवस आला. आधीच्या महिन्यात शेजारची वस्ती हलवली होती. त्यांचं जड सामान वेगळ्या तराफ्यावरून नेलं आणि पलीकडं उतरवताना कामगारांनी सगळ्या घरांची जाती एका ढिगात टाकून दिली. जात्याचे दोन दगड वर्षानुवर्षं एकमेकांवर फिरून जुळलेले असतात. वरचा एकीचा आणि खालचा दुसरीचा झाला, की नाचणीचं पीठ पडत नाही, नुसता भरडा पडतो. त्या वस्तीतल्या बायका दोन दिवस उन्हात ढिगापाशी बसून दगड जुळवत होत्या. रडत होत्या, भांडत होत्या, आणि तरी कितीजणींची जोडी लागलीच नाही. ही बातमी आमच्या वाडीत आली, आणि घरोघरच्या बाईनं मनाशी ठरवून टाकलं की आपलं जातं तराफ्यावर द्यायचं नाही.

लाँचवर दगड घ्यायला बंदी होती. माणसं, कपडे, भांडी, एवढंच. म्हणून बायकांनी जाती गोधड्यांत गुंडाळली, वरून लुगड्याच्या गाठी मारल्या आणि अंथरुणाची गाठोडी म्हणून चढवली. एकीनं दुसरीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बातमी फुटली असती. म्हणून प्रत्येकीला वाटत होतं, की ही चोरी आपण एकटीच करतोय, आणि एका जात्यानं एवढ्या मोठ्या लाँचचं काय बिघडणार आहे.

आमचं जातं मी चढवलं. एकोणीस वर्षांचा होतो, खांद्यात जोर होता. त्या जात्याचा वरचा दगड कधीतरी तडकला होता आणि आबांनी लोहाराकडून त्याला भोवती लोखंडी पट्टा बसवून आणला होता. वाडीतल्या बाकीच्यांनी देव्हाऱ्यातले देव छातीशी धरले होते. आमच्याकडं बुद्धाची तसबीर होती, ती बहिणीनं दप्तरात घातली. मी जात्याकडं बघून कुरकुर केली तेव्हा आई म्हणाली, "माजा देव ह्योच. जड हाय, पन माजा हाय. उचल." मी दोन खेपांत दोन दगड नेले. लाँचच्या पुढच्या भागात, छताखाली, गाठोडी टाकत होते, तिथं ते ठेवले. आईनं बहिणीला त्यांच्यावर बसवलं. बहीण तेरा वर्षांची होती. आई तिला म्हणाली, "हितनं उटायचं न्हाई. कोन वडाय लागलं तर म्हनायचं, आईचं हाय." बहीण मांडी घालून बसली आणि तिनं मला वेडावून दाखवलं. गुरं लाँचवर घेत नसत, म्हणून मी आमच्या दोन गाई घेऊन डोंगराच्या वाटेनं निघालो.

पुढचं मला लोकांनी सांगितलेलं आहे. निघताना आबांना लाँचचं नाक खाली वाटलं. ते मागूनच ओरडले, "पुडं काय भरलंय?" आईनं ओरडून उत्तर दिलं, "गोधड्या हाईत." आबांनी बायकोचा शब्द धरला आणि लाँच सोडली. दुपारचा वारा सुटला होता. पलीकडचा काठ टप्प्यात आला असताना लाँचमध्ये पाणी शिरलं आणि बघता बघता ती गेली. काठावरच्या लोकांनी टायरी टाकल्या, दोर टाकले, पोहणाऱ्यांनी केसाला धरून माणसं ओढली. बाकी सगळी वाचली. बहीण छताखाली होती. ती उठलीच नसणार, असं मला वाटतं. तिला उठू नको म्हणून सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्यावर आलेली मिळाली.

पाणी कुठून शिरलं यावर चौकशी झाली. आबा म्हणाले, पुढून. ठेकेदार म्हणाला, मागून, गाळणीतून; यानं जाळी साफ केली आणि झाकण लावायला विसरला. जड सामान होतं का, असं बायकांना विचारलं. एकेक बाई पदर सावरत म्हणाली, "न्हाई सायेब, गोधड्याच व्हत्या." आईही तेच म्हणाली. मला कुणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. मलाही वाटत होतं, जातं आमचं एकच होतं. शेवटी झाकण उघडं राहिलं असावं असं ठरलं. लाँच इतक्या खोल गेली होती की खाली जाऊन कोण बघणार? आबा ज्याला-त्याला सांगत सुटले, "झाकन मी लावलं व्हतं. दोनी नट ह्या हातानं आवळले व्हते." लोक मान हलवायचे आणि दुसरीकडं बघायचे.

आईनं त्या दिवसापासून आबांशी बोलणं सोडलं. रागात माणसं महिना-दोन महिने बोलत नाहीत, तसं नव्हे. घोडेगावच्या खाली आम्हाला नवीन प्लॉट मिळाला, पत्र्याचं घर झालं, मग विटांचं झालं, मला नोकरी लागली, आणि ती बोलली नाही ती नाहीच. स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, आजारी पडले तर काढा करून उशाशी ठेवायची. बोलायचं झालं तर माझ्याकडं तोंड करून म्हणायची, "तुज्या बापाला सांग, भाकर वाढलीया." आबा हातभर अंतरावर बसलेले असायचे. मी नोकरीवर गेलो की ती हेच वाक्य दाराच्या चौकटीला ऐकवायची. पाहुण्यांना सुरुवातीला ते गमतीचं वाटायचं. एक-दोन तास बसले की उठून जायचे.

आबा जुन्नरला एका भातगिरणीत राखणीला लागले. पुन्हा बॉयलरला हात लावला नाही. मी सुट्टीवर आलो की एकदा तरी मला बाजूला घेऊन विचारायचे, "तू जातोस एवड्या खोल. आपल्या लाँचवर कदी जानार?" मी म्हणायचो, साहित्य कंपनीचं आहे, परवानगी लागते, एकट्यानं उतरत नसतात. सगळं खरं होतं. खरं बोलून माणूस किती वर्षं काढू शकतो ते मी तेव्हा पाहिलं.

म्हणून पुण्याच्या हौशी मंडळींचा फोन आला तेव्हा मला सुटका नव्हती. होडी त्यांची, टाक्या त्यांच्या, परवानगी त्यांनी काढलेली. जुन्या इंजिनांचं वेड असलेले एक निवृत्त इंजिनियर होते आणि त्यांच्यासोबत पोहण्या-बुडण्याचा छंद असलेला एक तरुण, कॅमेरा घेऊन. दोघं जुन्नरला उतरले होते. त्यांना लाँचवरची पितळी पाटी हवी होती, जिच्यावर बांधणाऱ्याचं नाव आणि साल असतं. मी आबांना कळवलं, आईला नाही. आबा सकाळच्या एसटीनं शिनोलीपर्यंत आले आणि तिथून मिळेल त्या जीपनं धरणावर. धुतलेला सदरा घातला होता. इंजिनियरसाहेबांनी त्यांना होडीत बसा म्हटलं, तर म्हणाले, "न्हाई सायेब, मी हितंच बरा." काठावरच्या दगडावर बसून राहिले.

मे महिना होता, पाणी वर्षातलं सगळ्यात कमी. मासेमारी करणाऱ्यांना ती जागा पाठ होती, कारण तिथं त्यांची जाळी फाटायची. त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी आम्ही नांगर टाकला. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात माणूस लवकर खाली जातो, म्हणून मी कमरेच्या पट्ट्यातलं शिसं कमी केलं. तरुणालाही करायला लावलं. तोंडात नळी धरली आणि दोरीला धरून उतरलो.

वरचं दहा फूट पाणी हिरवं, मग चहासारखं, मग टॉर्चच्या पुढं हातभर दिसेल तेवढंच. तीस फुटांच्या आसपास पाणी एकदम गार पडलं. मी परक्या पाण्यात शेकडो वेळा उतरलो आहे, पण तिथं माझा श्वास इतका जोरात चालला होता की टाकी अर्ध्या वेळात संपेल असं वाटलं. थांबलो, दोर धरून मनाला दटावलं, पुन्हा खाली गेलो. साठ फुटांच्या आसपास पायांना लोखंड लागलं.

लाँच सरळ बसलेली होती, पण मागचा भाग वर आणि नाक गाळात खुपसलेलं. चिमणी पडली होती. बॉयलर जागेवर होता, त्यावर बोटभर मऊ गाळ. तरुणानं पितळी पाटी शोधून काढली, हातानं पुसली आणि आनंदानं मला दोन्ही अंगठे दाखवत राहिला. त्याला फोटो काढू दिले आणि मी मागं, तळाशी, हात घातला. तिथं टॉर्चचा उपयोग नव्हता, गाळ उठला होता. डबा हाताला लागला. त्यावर झाकण होतं. झाकणावर दोन नट होते. मी ते चिमटीत धरून फिरवून पाहिले. हलले नाहीत. पकडीनं पाहिलं, तरी हलले नाहीत. आबांनी हातानं आवळले होते, आणि अकरा वर्षं ते तसेच होते.

मी तोंडातल्या नळीत ओरडलो. काय ओरडलो ते माहीत नाही, बुडबुडे मात्र खूप निघाले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. तिथूनच वर गेलो असतो तर बरं झालं असतं. पण झाकण लावलेलं होतं तर मग लाँच बुडाली कशी, हे बघितल्याशिवाय जाता येईना. धंद्याची सवय, दुसरं काय. मी काठाला धरत धरत पुढं गेलो आणि छताखाली टॉर्च मारला.

जाती होती. गोधड्या कधीच कुजून गेल्या होत्या. दगड उतारावर घसरून नाकाशी एकावर एक पडले होते, वरचे, खालचे, सगळे मिसळून. किती होते ते मी मोजलं नाही. वाडीत जेवढी घरं होती तेवढी जाती असणार. मी एकेकाच्या कडेवरून हात फिरवला. मला एकच बघायचं होतं आणि ते सापडू नये असं वाटत होतं. चौथ्या का पाचव्या दगडाला बोटांखाली लोखंडी पट्टा लागला.

साठ फुटांवरून वर येताना सरळ येत नसतात. पंधरा फुटांवर दोर धरून तीन मिनिटं थांबायचं, रक्तातली हवा बाहेर पडू द्यायची, मग वर. ती तीन मिनिटं मी अजून विसरलो नाही. वर उजेड होता, होडीचा तळ दिसत होता, आणि मला समजलं होतं की आबा सुटले की आई अडकते. झाकण लावलेलं होतं असं मी आईला सांगितलं, तर ती अडाणी नाही, ती पुढचं स्वतःच विचारेल. तिनं "गोधड्या हाईत" म्हटलं होतं. तिनं लेकीला वर बसवलं होतं. आणि दगड खांद्यावरून आणणारा मी होतो. तीन मिनिटं झाली तरी मी वर गेलो नाही. तरुणानं माझा दंड धरून वर बोट केलं तेव्हा गेलो.

होडीत त्यानं इंजिनियरसाहेबांना कॅमेरा दाखवला. दगडांचाही एक फोटो त्यानं काढला होता. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "वा! बघा, जुन्या काळी तोल सांभाळायला बोटीत असे दगड भरून ठेवायचे. इंग्रजांचं काम पद्धतशीर." माझ्याकडं बघून म्हणाले, "बरोबर ना?" मी म्हणालो, "हो."

आबा काठावर उभे राहिले होते. मी होडीतून उतरलो, टाकी खाली ठेवली, त्यांच्याजवळ गेलो. त्यांनी एकच शब्द विचारला, "झाकन?"

"लावलेलं आहे, आबा. दोन्ही नट घट्ट आहेत."

ते परत दगडावर बसले. मग मांडीवर थाप मारून पाण्याकडं बघत म्हणाले, "म्हनत नव्हतो मी? म्हनत नव्हतो?" दोनदा, तीनदा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मी त्यांना इतकं हसताना लाँचवरच पाहिलं होतं. मी मनात म्हणत होतो, आता उठा, आता जीपकडं चला, पुढं विचारू नका. पण ते बॉयलरवर काम केलेले होते. थोड्या वेळानं हसू थांबलं आणि त्यांनी मला विचारलं, "मंग गेली कशानं?"

मी सांगितलं. नाक गाळात आहे, पुढं जाती आहेत, सगळ्या वाडीची.

"आपलं?"

मी कमरेचा शिशाचा पट्टा सोडायला लागलो.

"तुला ठावं व्हतं?"

"मीच चढवलं होतं, आबा. मला वाटलं, एकच आहे."

त्यांनी मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी उभ्या जन्माचा ऋणी राहिलो असतो. त्यांनी तसं काही केलं नाही. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोरीला त्याच्यावरच बशीवली असंल तिनं." मी मान हलवली. इंजिनियरसाहेबांनी होडीतून हाक मारून, काका, चहा घेणार का, असं विचारलं. आबा म्हणाले, "घ्यूया की." आणि उठून चहा घेतला.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. वर न बघता मला म्हणाली, "इचार तुज्या बापाला, दिसभर कुटं गेल्ता." मी तोंड उघडायच्या आत आबाच बोलले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या समोर जाऊन उभे राहिले.

"धरनावर गेलतो. हा खाली जाऊन आला लाँचवर." एवढं बोलून थांबले. "झाकन उगडं व्हतं. माजीच चूक व्हती ती."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आईचा हात सुपातच थांबला. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, सूप फेकून मारेल. तिनं एक लांब श्वास सोडला, आणि तिचे खांदे खाली आले. इतकी वर्षं ते वर होते हे ते खाली आल्यावर मला दिसलं. म्हणजे तिलाही संशय होता. एवढी वर्षं रोज तिनं त्या दगडाचा विचार केला असणार, आणि तो विचार झाकणाखाली दाबून ठेवला असणार. ती मला म्हणाली, "मी काय म्हनत व्हते?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

त्यानंतर आई बरी दिसू लागली, हे मला सांगायला लाज वाटते. तिला झोप लागायला लागली. शेजारणीकडं जाऊन बसायला लागली, विहारात पौर्णिमेला जायला लागली. आबांशी मात्र बोलली नाही. आता तर तिच्याकडं पुरावा होता. आणि आबा दिवसेंदिवस खंगत गेले. मी दोनदा त्यांना म्हणालो, खरं सांगून टाकू या, बाकीच्या बायकांनीही तेच केलं होतं, तिच्या एकटीचा दोष नाही. पहिल्यांदा ते उठून बाहेर गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "लेकरू तिचं गेलंय. मी माज्या हातानं तिच्या गळ्यात धोंडा बांदू का?" मी म्हणालो, "आणि तुमचं नव्हतं का लेकरू?" ते म्हणाले, "म्हनूनच." मुंबईला परत गेलो आणि लोकांच्या जहाजांची बुडं खरवडत राहिलो.

दीड वर्षानं त्यांना मंचरला दवाखान्यात ठेवलं. छाती भरलेली होती, डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. मी आईला घेऊन गेलो. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीतून बाहेरच्या हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. आबांना बोलता येत नव्हतं, पण ओळख होती. आई कॉटपाशी उभी राहिली. मला वाटलं, आता माझ्याकडं तोंड करून काहीतरी सांगेल. तिनं माझ्या हातातला पेला घेतला, चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं, पदरानं हनुवटी पुसली. मग सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"मी माफ केलं तुमाला. मनात काय बी ठिवू नगा."

आबांनी हात कसेबसे छातीवर आणले आणि तिला जोडले. मी दोघांच्या मध्ये उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. दुपारी आबा गेले.